भाग 31: लाकडी सांगाडा, फोर्ड मॉडेल टी आणि मी घट्ट केलेले सांधे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी अवतार. शंभरेक "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या दोन-तीन भागांत आपण कोड, क्लाउड वगैरेवर बोललो. आज विषय एकदम वेगळा आहे: लाकूड. आणि तेही गाडीतलं लाकूड. डॅशबोर्डवर चकाकणारी पट्टी असते ते नाही, तर पत्र्याच्या आत लपलेला, गाडीच्या बॉडीला उभं ठेवणारा सांगाडा.

मी राहतो डेट्रॉइटच्या जवळ. शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली 1924 सालची फोर्ड मॉडेल टी पडून होती. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी ती जुनी विकत घेतली, तिची मूळ बॉडी काढून टाकली आणि घरच्या घरी तिची स्पीडस्टर केली. वडील गेले, गाडी उभी राहिली, छपरातून पाणी गळत राहिलं. आता आजोबांना ती चालू झालेली बघायची होती, पण संधिवातामुळे त्यांच्या बोटांना पटाशी धरवत नाही. मला पटाशी धरता येत होती, पण तिचं करायचं काय ते माहीत नव्हतं. अशी आमची जोडी जमली.

आधी स्पीडस्टर म्हणजे काय ते सांगतो. 1910 च्या सुमाराला अमेरिकेत श्रीमंतांकडे मर्सर रेसअबाउट, स्टट्झ बेअरकॅट अशा गाड्या होत्या. दोन सीट, दार नाही, छप्पर नाही, पुढे लांबलचक बॉनेट, मागे पेट्रोलची आडवी टाकी. किंमत दोन हजार डॉलरच्या वर. शेतकऱ्याच्या किंवा गॅरेजमधल्या पोराला ती परवडणं शक्यच नाही. पण मॉडेल टी परवडायची. 1908 ते 1927 या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी बनवल्या आणि 1925 साली तिची दोन सीटवाली आवृत्ती 260 डॉलरला नवीकोरी मिळायची. वापरलेली तर भंगाराच्या भावात. मग पोरं काय करायची? बॉडी उचलून बाजूला फेकायची, खाली उरलेल्या चेसिसवर दोन बकेट सीट ठोकायची, स्टिअरिंगचा दांडा आडवा पाडायचा आणि झाली आपली रेसिंग कार. हळूहळू या हौसेवर एक अख्खा धंदा उभा राहिला. इंजिनाचे खास हेड मिळायला लागले. त्यातलं 'राजो' हे नाव मला फार आवडतं. ते रेसीन गावातलं 'रा' आणि बनवणाऱ्या जो यागर्सबर्गरमधलं 'जो' मिळून झालंय. लुई शेवरले, हो, तोच शेवरले, फ्रंटेनॅक हेड बनवायचा. ते लावलेली एक फोर्ड 1923 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये पाचवी आली होती.

आमच्या गाडीत असलं काही नाही. साधं 2.9 लिटरचं, 20 हॉर्सपॉवरचं मूळ इंजिन. उतारावर, वारा पाठीशी असेल तर ताशी 70 किलोमीटर.

तर लाकूड. आपल्या डोक्यात गाडी म्हणजे पत्रा असं बसलंय. पण त्या काळात बहुतेक गाड्यांची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पातळ पत्रा. पत्रा कातडीसारखा, हाडं लाकडाची. घोडागाड्या बनवणारे कारागीरच मोटारींच्या बॉडी बनवायला लागले, त्यामुळे त्यांची पद्धत सोबत आली. फोर्डला तर एवढं लाकूड लागायचं की 1920 मध्ये त्यांनी मिशिगनच्या उत्तरेला प्रचंड जंगल विकत घेतलं आणि आयर्न माउंटनजवळ लाकडाचा कारखाना टाकला. तिथल्या टाकाऊ तुकड्यांपासून ते कोळशाच्या वड्या करून विकायचे. आज अमेरिकेत बार्बेक्यूसाठी जो किंग्सफर्ड कोळसा मिळतो, त्याचं मूळ ते. मी वर्षभर ती पिशवी आणत होतो, मला पत्ताच नव्हता.

आमच्या सांगाड्याचं लाकूड होतं ॲश. ॲश म्हणजे इथे राख नाही, ते झाडाचं नाव. आपल्याकडे ते सहसा दिसत नाही, म्हणून समजा सागाचा एक लवचिक, पांढरट चुलतभाऊ. नातं खरं नाही, दिसण्यावरून आणि स्वभावावरून म्हणतोय. याच्या रेषा लांब आणि सरळ असतात, वाकवलं तर वाकतं, सोडलं तर परत येतं आणि स्क्रू घट्ट धरतं. बेसबॉलच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या याच्या बनल्या. इंग्लंडच्या मॉर्गन कंपनीच्या गाड्यांत आजही ॲशचा सांगाडा असतो. याचा एकच मोठा दोष: ओल लागली की कुजतं.

आमचं कुजलं होतं.

(पॉडकास्टमध्ये इथे मी मायक्रोफोनजवळ दोन तुकडे ठोकून दाखवले. एक टणक वाजला, दुसरा पुठ्ठ्यासारखा. वाचणाऱ्यांनी कल्पना करावी.)

लाकूड कुजलंय का हे बघायची पद्धत अशीच. हातोडीच्या दांड्याने ठोकायचं आणि ऐकायचं. नंतर टोच्या घेऊन सांध्यांपाशी दाबायचं, कारण पाणी आधी तिथेच मुरतं. टोच्या लोण्यासारखा आत गेला की तो तुकडा गेला. आमच्या सांगाड्यात एकूण 23 तुकडे, त्यातले 16 गेलेले. पण गेलेला तुकडा फेकायचा नाही, हे आजोबांनी पहिल्या दिवशी सांगितलं. तोच नवीन तुकड्याचा नकाशा. भुसा झालेला भाग पातळ इपॉक्सी पाजून कडक करायचा, फळीवर ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची.

आणि पेन्सिलवरून आठवलं. सीटखालच्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला त्यांच्या वडिलांच्या हातच्या पेन्सिलच्या खुणा निघाल्या. आकडे, बाण, एका ठिकाणी चुकलेलं माप खोडलेलं. आजोबा बराच वेळ तिथे टॉर्च धरून उभे होते. ती पट्टी अर्धी कुजलेली होती. मी म्हटलं, बदलू या. ते म्हणाले, "ही राहू दे." मग तिच्या पाठीला नवीन लाकडाची जोड दिली, भार जोडीवर आणि खुणा जागच्या जागी. रिस्टोरेशनवाल्या लोकांत यावर भरपूर भांडणं चालतात, किती जुनं ठेवायचं, किती बदलायचं. माझं मत साधं आहे: भार पेलणारं लाकूड नवीन, गोष्ट सांगणारं लाकूड जुनं.

पण नवीन ॲश आणायचं कुठून? 2002 मध्ये डेट्रॉइटजवळच एक चकाकता हिरवा भुंगा सापडला, एमरल्ड ॲश बोरर. मूळचा आशियातला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात, झाडाचा अन्नपाण्याचा रस्ता तुटतो आणि दोन-चार वर्षांत झाड उभ्या उभ्या मरतं. आजवर कोट्यवधी झाडं गेली. आमच्या गल्लीतलंही एक गेलं. अळ्या सालीलगतच राहतात, आतलं लाकूड चांगलं असतं, पण झाड मेल्यावर लवकर कापलं तरच. वाळून उभं राहिलं की ते ठिसूळ होतं. गल्लीतलं झाड वेळेत कापलं गेलं होतं आणि आजोबांनी त्याच्या फळ्या चिरवून गॅरेजच्या माळ्यावर वाळत घातल्या होत्या. ढोबळ हिशोब असा की हवेत वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. या फळ्या चार वर्षं वाळलेल्या. म्हणजे मला विचारायच्या कितीतरी आधी त्यांनी तयारी केली होती.

हवेत वाळवण्याचा अजून एक फायदा: असं लाकूड वाफेवर वाकतं. भट्टीत वाळवलेलं बहुतेक वेळा तडकतं. सीटच्या पाठीमागची कमान एका गोल तुकड्याची होती. रुंद फळीतून ती कमान कापून काढली असती तर चाललं नसतं, कारण कमानीच्या टोकांशी रेषा आडव्या तुटतात आणि तिथे लाकूड बिस्किटासारखं मोडतं. रेषा वळणाबरोबर वळायला हवी. म्हणून वाफ. प्लायवूडची लांब पेटी, तिला भिंतीचा कागद काढायच्या स्टीमरची नळी, एक इंच जाडीला एक तास. पेटीतून बाहेर काढलं की तुमच्याकडे अर्धं मिनिट असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी धरायची, कारण लाकूड दाबलं तर निमूट दबतं, ताणलं तर फाटतं. पट्टी ते ताणू देत नाही. माझे पहिले दोन तुकडे फाटले. पहिल्याला पट्टी नव्हती, दुसऱ्याला मी फोन उचलला.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा भाग करतोय.

जुना सांगाडा सोडवताना मला काही गोष्टी खटकल्या. चेसिसला बॉडी धरून ठेवणाऱ्या बोल्टांची भोकं गोल नव्हती, लांबट होती. मध्ये चामड्याचे आणि लाकडाचे ठोकळे. काही सांध्यांत सरस नव्हताच, नुसते स्क्रू आणि वर लोखंडी पट्टी. मागच्या खांबाचे दोन तुकडे एकमेकांना टेकतही नव्हते, मध्ये नखाएवढी फट. मी मनात म्हटलं, बिचारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा, ड्रिल सटकली असेल, सरस संपला असेल. मी बीटेक, माझ्याकडे मरीन इपॉक्सी, बर्च प्लायवूड आणि लेझरवाली मोजपट्टी. मी सगळं "सुधारलं". प्रत्येक सांधा इपॉक्सीने चिकटवला, कोपऱ्यांना प्लायवूडचे त्रिकोण लावले, भोकं गोल आणि टाइट. सांगाडा असा कडक झाला की एका कोपऱ्याला धरून उचलला तर चारही पाय एकदम उठायचे. आजोबा बघत होते. एवढंच म्हणाले, "फार घट्ट झालाय का रे?" मी म्हटलं, "घट्ट म्हणजे मजबूत ना."

पत्रा चढवण्याआधी नुसत्या सांगाड्यावर चाचणी घेतली. गल्लीत, मग पलीकडच्या कच्च्या रस्त्यावर. तीन रविवार मिळून साठेक किलोमीटर झाले असतील. तिसऱ्या रविवारी माझ्या पाठीमागे काडकन आवाज आला. मागचा उजवा खांब उभा चिरला होता. गंमत म्हणजे सांध्यात नाही. माझा इपॉक्सीचा सांधा जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारी, जिथे प्लायवूडचा त्रिकोण संपतो त्या रेषेवर, लाकूड फाटलं. आणि तो खांब सीटची पाठ धरणारा. जोरात असतो आणि माझा भार मागे पडला असता तर मी सीटसकट मागच्या टाकीवर गेलो असतो.

त्या संध्याकाळी आजोबांनी काही न बोलता दोन लाकडी ठोकळे आणले. पुढचं डावं चाक एका ठोकळ्यावर चढवायला सांगितलं, मागचं उजवं दुसऱ्यावर. "आता चेसिसकडे बघ." मी पट्टी धरली. चेसिस चक्क पिळली होती. ओलं फडकं पिळावं तशी, अर्थात थोडी. सीटच्या जागी दोन बाजूंत पाऊण सेंटिमीटरचा फरक.

मॉडेल टी अशीच बनवली होती, चुकून नाही. तेव्हा अमेरिकेतले बहुतेक रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. फोर्डने चेसिस हलकी ठेवली, पुढे एक आणि मागे एक अशी आडवी स्प्रिंग दिली, इंजिन तीनच ठिकाणी टेकवलं, म्हणजे चेसिस पिळली तरी इंजिनाला पीळ बसत नाही. चारही चाकं जमिनीला धरून ठेवण्यासाठी अख्खी गाडी अंग मोडते. आता अशा अंग मोडणाऱ्या चेसिसवर तुम्ही कडक पेटी बसवली तर काय होईल? चेसिस पिळणारच, ती ऐकणार नाही. पेटीने पिळायला नकार दिला की सगळा ताण गोळा होऊन तिच्या सगळ्यात कमजोर जागी जातो. घट्ट सांध्याने ताण संपवला नाही, शेजारी ढकलला.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. दोन सर्व्हिस एकमेकांना इतक्या घट्ट बांधल्या की एक हलली की तिसरीच कोसळते, असं मी ऑफिसात किती वेळा पाहिलंय. तरी गॅरेजमध्ये तेच केलं.

आणि त्या लांबट भोकांचा, चामड्याच्या ठोकळ्यांचा, नखाएवढ्या फटीचा अर्थ तेव्हा लागला. पोराची ड्रिल सटकली नव्हती. फट मोठ्या विचाराने ठेवली होती. शार्ल वेमन नावाच्या माणसाने 1920 च्या दशकात याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं: लाकडाचा कुठलाही तुकडा दुसऱ्या तुकड्याला टेकणार नाही, मध्ये फट आणि फक्त पोलादी पट्ट्यांनी जोड, वर पत्र्याऐवजी कातडीसारखं कापड. सांगाडा हलतो, पण लाकूड लाकडावर घासत नाही म्हणून करकरत नाही. स्टट्झसारख्या महागड्या गाड्यांवर या बॉडी यायच्या. आजोबांच्या वडिलांनी वेमनचं नाव ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. पण मॉडेल टी चालवून त्यांना जे कळलं होतं, ते मला मोजून कळलं नाही.

इपॉक्सी सोडवायला सहा आठवडे लागले. काही तुकडे सुटलेच नाहीत, परत बनवले. यावेळी त्यांच्या मापांनी.

लाकडाबद्दल इतकं बोललो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हे ऐकून कुणी जुनी फोर्ड घ्यायला निघालं तर. सांगाड्याला हात लावायच्या आधी आजोबांनी मला मागचा ॲक्सल उघडायला लावला. मला कंटाळा आला होता, मला रंधा मारायचा होता. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या आत असतो. म्हणजे ब्रेकची ताकद दांड्यातून, मागच्या डिफरन्शिअलमधून चाकांपर्यंत जाते. त्या डिफरन्शिअलमध्ये मूळचे वॉशर बॅबिट या मऊ धातूचे. शंभर वर्षांनी त्यांचा चुरा होतो. चुरा झाला की दातेरी चक्रं एकमेकांपासून दूर सरकतात, गाडी ओढणं बंद आणि त्याच क्षणी पायाचा ब्रेकही बंद. उरतो हँडब्रेक, तोही लहानसा. आमचा ॲक्सल उघडला तर तेलात करड्या रंगाचा गाळ आणि एक वॉशर तीन तुकड्यांत. पितळी वॉशर टाकले, मागच्या चाकांवर जादा ब्रेक बसवले, मगच लाकूड.

चाकंही लाकडीच, हिकरीच्या आऱ्यांची. चाक उचलून हातांनी हलवायचं, टिकटिक आवाज आला की आरे सैल. आजोबा म्हणाले, पूर्वी लोक गाडी ओढ्यात नेऊन उभी करायचे, आरे फुगून घट्ट व्हायचे. मला हसूच आलं. आमच्या सांगलीकडे उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं वाळून खुळखुळायला लागली की गाडी नदीच्या पाण्यात उभी करायचे. बाभळीची चाकं आणि हिकरीची चाकं, उपाय एकच. त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी बाभळीबद्दल अर्धा तास प्रश्न विचारले. अर्थात गाडी वाळली की चाक पुन्हा सैल, म्हणून आम्ही चारही चाकांना नवीन आरे बसवून घेतले.

टाकी मागे, सीटपेक्षा उंच का असते असं एका श्रोत्याने मेसेजमध्ये विचारलं होतं. दिसण्यासाठी नाही. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नाही, पेट्रोल उतारानेच इंजिनात येतं. टाकी खाली बसवली तर चढावर गाडी बंद.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं बाहेर पडलो. हँडल मारण्याआधी स्पार्कचा खटका पूर्ण मागे, नाहीतर इंजिन उलटं फिरून हँडल मनगट मोडतं. हे त्यांनी मला त्या दिवशीही दोनदा आठवून दिलं. कच्च्या रस्त्यावर तोच खड्डा आला. पाठीमागे कान देऊन बसलो होतो. सांगाडा हलला, सीट माझ्या पाठीखाली किंचित तिरकी झाली आणि परत आली. आजोबांनी हात सीटखाली घातला, त्या पेन्सिलच्या पट्टीवर ठेवला आणि तसाच ठेवला.

तीनेक किलोमीटरवर ते म्हणाले, "डावीकडे कुठेतरी करकरतंय."

घरी येऊन बघितलं. डाव्या मागच्या ठोकळ्यात चामडं घालायचं मी विसरलो होतो.

पुढच्या भागात याच गाडीच्या चार लाकडी कॉइल पेट्यांबद्दल बोलू. त्या का भुणभुणतात, आणि फ्लायव्हीलवरच्या 16 चुंबकांपासून ही गाडी बॅटरीशिवाय वीज कशी तयार करते, ते. तुमच्याकडे घरच्या जुन्या बैलगाडीचा, टांग्याचा किंवा होडीचा लाकडी सांधा असेल तर फोटो पाठवा. फट दिसत असेल तर नक्की पाठवा.